बांधाच्या पायथ्याला मेंढ्या

रेघ फारच गुणी निघाली, आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

वर खाणीत सुरुंग उडाला. पायाखालची जमीन हादरली, तलावातले बगळे उठले, धनगरवस्तीवरची कुत्री बोंबलायला लागली. आणि माझ्या लॅपटॉपवरची रेघ जराशी दचकली न् पुन्हा मुकाट आडवी झाली. पडद्यावर आखलेली तांबडी रेघ, म्हणजे धोक्याची खूण, ती तर लांबच राहिली. खाणीचा मुकादम गोरख टाळ्या पिटत म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं? बांधाला कायसुद्दा झालं न्हाई." माझे साहेब अमृत सर खूश होऊन म्हणाले, "अश्विनी, आवर आता. वर जाऊन चहा घेऊ."

मला चहा नको होता. ही माती एवढी शहाणी कधीपासून झाली, ते मला हवं होतं.

मी आंबवड्याची. किकवीला हायवेच्या कडेला एक खासगी प्रयोगशाळा आहे, तिथं मी नोकरी करते. दणका बसला की माती आतल्या आत किती दबते, ते मोजणारी यंत्रं तपासायची, हे माझं काम. आई शेजारणींना सांगते, आमची पोरगी मातीला दणके देते न् त्याचा पगार घेते. त्यात खोटं काही नाही. लोखंडी पिंपात माती भरायची, तिच्यात यंत्र पुरायचं, वरून ठरलेल्या उंचीवरून वजन सोडायचं आणि यंत्र खरं सांगतं का ते बघायचं. हे मी इतक्या वेळा केलंय, की पिंपावर वजन आदळल्याचा आवाज ऐकून रेघ कुठवर जाणार ते मी डोळे मिटून सांगते. सांगते आणि वर तोराही मिरवते, कारण आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाला ते जमत नाही.

यंत्र म्हणजे काय, तर बशीएवढ्या दोन चकत्या. समोरासमोर पुरायच्या, मध्ये वीतभर माती. चकत्यांना जोडणारं मध्ये काही नाही. एकीत वीज सोडली की दुसरीला ती जाणवते; माती दबून चकत्या जवळ आल्या की जास्त जाणवते. केसाएवढा फरकही सुटत नाही. पण एकदा पुरल्यावर यंत्राचं काही चालत नाही. भोवतीची माती जशी, तसंच ते बोलणार. म्हणून खड्ड्यातून काढलेली माती त्याच ओलीची, तेवढीच दाबून परत घालावी लागते. फार ठोकली तर यंत्र मोठेपणा करतं, काही हललंच नाही म्हणतं; भुसभुशीत ठेवली तर रडारड करतं. मी ती जोडी बांधाच्या पायथ्याला मांडी घालून, मूठमूठ माती घालत पुरली होती.

हा बांध वेल्ह्याच्या डोंगरात आहे. मातीचा पाझर तलाव, त्याच्या वरच्या अंगाला खाण, आणि खालच्या अंगाला, अगदी पाण्याच्या वाटेवर, हैबतीबाबांची वस्ती. घरं, गोठे, मेंढरांचे वाडे, सगळं बांधाच्या भरवशावर. इतकी वर्षं खाणीत बारके सुरुंग होत होते. आता ठेकेदाराला मोठ्या रस्त्यासाठी मोठा दगड पाहिजे होता, म्हणून मोठा सुरुंग पाहिजे होता. वस्तीनं तहसीलला अर्ज केला. वरून हुकूम आला की आधी छोट्या सुरुंगाची चाचणी घ्या, बांधाची माती किती हलते ते मोजा, मग ठरवू. मोजायला आम्ही आलो. म्हणजे आमची रेघ तांबड्या खुणेच्या खाली राहिली की मोठा सुरुंग उडणार, आणि बांध फुटला तर तो या माणसांच्या डोक्यावर फुटणार. एवढं सरळ होतं.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा गोरखनं भोंग्याची घाई लावली होती. पायथ्याकडं कुणाला जाऊ देईना. वायर आधीच तलावाच्या पलीकडं आणून ठेवलेली होती, ती मी लॅपटॉपला जोडली आणि सुरुंग उडाला. आता सर आणि गोरख चहाला वर गेल्यावर मी सांडव्यावरून पायथ्याला उतरले.

जिथं पुरलं होतं तिथं टाच मारली. टाच परत आली. ओल धरून असलेली, बोट घातलं तर रुतणारी ती माती सारवलेल्या अंगणासारखी घट्ट झाली होती. खाली वाकून पाहिलं तर खुरांचे ठसे, एकावर एक, एकात एक. दोन-चार लेंड्या गवतात राहिल्या होत्या.

"हैबतीबाबा!" मी अशी ओरडले की वस्तीवरून बाबा आणि त्यांच्या मागं त्यांची बायको धोंडाबाई, दोघंही धावत आले. बाबांच्या हातात काठी होती. त्यांना वाटलं साप निघाला.

"हितं मेंढरं कुणी आणली?"

"त्ये व्हय!" बाबांचा जीव भांड्यात पडला. "आमीच बसवली की. तुमी यंतर पुरून गेला, त्या दिसापास्नं. रोज."

"कशासाठी?"

"आता ह्ये काय इचारनं, मॅडम? गोरख्याची मानसं येऊन उकरून न्ह्याया लागली तर? बराबर यंतरावर वाघरीची जाळी लावली. मधी मेंढरं, कडंला कुत्री, आन् भायेर मी. त्या जाळ्यात बिबट्या घुसत न्हाई, मानूस कुठला घुसतोय?" छाती पुढं काढून ते सांगत होते. "खाली चिमाजी बोलवीत व्हता, आमच्या खाचरात बसवा म्हनून. दानं देतो म्हनला. म्या म्हनलं, औंदा आधी बांधाचं यंतर, मग तुजं खाचर."

"लेंड्या बी झाडून घेतल्या म्या," धोंडाबाई म्हणाल्या. "म्हनलं, मॅडमला घान नगं."

मला हसू आलं, रडू आलं, आणि राग तर आधीपासून होताच. शेतात मेंढ्या बसवाव्यात, खत पडावं, त्याबद्दल धनगराला धान्य मिळावं, ही इथली रीतच आहे. बाबांनी धान्य सोडून मेंढ्या माझ्या यंत्रावर बसवल्या होत्या. त्यांच्याकडं जी सगळ्यात भक्कम राखण होती, ती त्यांनी माझ्या दोन बश्यांना दिली होती. आणि नेमकी त्याच राखणीनं चाचणीची माती केली होती. बांधकामात भराव दाबायला खुंट्याखुंट्यांचा एक रोलर असतो, त्याला नावच मेंढीच्या पायावरून दिलेलं आहे. कारण ओल्या मातीला मेंढीच्या खुराइतकं घट्ट दुसरं काही करत नाही. आणि इथं तर अख्खा कळप रोज नाचून गेला होता.

मी जीपमधली तिपाई आणि वजन उतरवून आणलं. पुरलेलं यंत्र जागेवर तपासायला आम्ही ते बरोबर ठेवतो. तुडवलेल्या जागेवर वजन सोडलं. रेघ सुरुंगाच्या वेळी दचकली तशीच, एवढुशी. मग पायथ्यालाच थोडं पलीकडं, जिथं गवतही दबलेलं नव्हतं, तिथं दुसरी जोडी पुरली. मूठमूठ माती घालत. तेच वजन, तीच उंची. रेघ तिप्पट वर गेली.

मी लॅपटॉप उचलला आणि तशीच चढ चढून खाणीच्या शेडमध्ये गेले. सरांच्या हातात बशी होती.

"सर, चाचणी बाद. यंत्रावर मेंढ्या बसवल्या होत्या."

गोरख खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही रेघा पाहिल्या, आणि मग बशीतला चहा संपवत म्हणाले, "यंत्र तूच तपासलं होतंस ना?"

"हो."

"बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर आहे."

"मग आकडा बरोबर आहे."

"आकडा बरोबर आहे, सर. पण तो मेंढ्यांनी तुडवलेल्या हातभर जागेचा आहे. अख्खा बांध कुणी तुडवलेला नाही."

"मग बसवा की अख्ख्या बांधावर!" गोरख म्हणाला. "मॅडम, वस्तीवाल्यांनीच घोळ केला, तर त्यांनीच भोगावा. भोकं पाडून तयार हायेत. उद्या सकाळी भरनार."

"वस्तीवाल्यांनी राखण केली," मी म्हणाले. "तुमच्या माणसांपासून. आणि तुमचं आत्ताचं बोलणं ऐकून ती करायलाच हवी होती असं मला वाटतंय."

सरांनी मला बाहेर नेलं. सर काही दुष्ट माणूस नाहीत. प्रयोगशाळा चालवायची म्हणजे ठेकेदारांना दुखवून चालत नाही, हे ते मला बापाच्या मायेनं सांगत आले आहेत. तसंच आताही सांगायला लागले. "तुझं काम यंत्र तपासायचं. ते तू केलंस. अहवालावर सही माझी जाईल, तुझी नको."

"तुम्ही सही केलीत तर मी तहसीलला जाऊन सांगेन, की ती रेघ मेंढ्यांची आहे, बांधाची नाही."

"नोकरीचा विचार कर, अश्विनी."

"केला."

"कधी?"

"आत्ता, तुम्ही म्हणालात तेव्हाच. फार वेळ लागला नाही."

नोकरी मला हवी होती. पण ज्या रेघेची मी इतकी वर्षं शपथ घेत आले, तिच्या तोंडून खोटं वदवून घेऊन वर पगारही घ्यायचा, हे मला जमणार नव्हतं. मी खाली उतरले.

बाबांना खरं सांगणं त्याहून अवघड गेलं. बाबा मटकन खाली बसले. "म्हंजी माज्याच मेंढरांनी घात केला?"

"घात नाही, बाबा. तुम्ही राखण केली. मलाच सांगून ठेवायला हवं होतं की पाय लावू नका म्हणून. पण आता दुसरं पुरलंय, त्याच्याकडं कुणी फिरकायचं नाही. त्यावर चाचणी घ्यायला मी त्यांच्याशी भांडते."

"आन् तुमी भांडत बसला, आन् त्यांनी उद्याच भरला तर?"

एवढ्यात धोंडाबाईंनी विचारलं, "मेंढरांच्या पायात येवढं बळ हाय व्हय गं?"

"लई हाय, मावशी. ओल्या मातीला त्यांच्याइतकं घट्ट दुसरं कुणी दाबत नाही."

"मंग तू जा आता घरी," त्या म्हणाल्या. "येष्टी चुकंल."

सकाळी मी तहसीलला जायला निघाले होते, पण आधी खाणीत डोकावावं म्हणून भावाची स्कूटर घेतली आणि नसरापूरहून आत वळले. खाणीच्या तोंडाशीच गोरखचा आवाज ऐकू आला. तो कुणाच्या तरी नावानं शिमगा करत होता.

खाणीच्या सपाट तळावर, जिथं सुरुंगाची भोकं पाडलेली होती, बरोबर तिथं वाघर लावलेली होती. आणि वाघरीच्या आत कळप बसला होता. मेंढ्या रवंथ करत होत्या. एक कोकरू ड्रिलिंग मशीनच्या चाकाला अंग घासत होतं. हैबतीबाबा खुंटीपाशी उकिडवे बसून तंबाखू मळत होते, आणि धोंडाबाई वस्तीवरच्या बायकांना घेऊन आत पदर खोचून बसल्या होत्या.

"उठवा म्हनतो ना!" गोरख ओरडत होता.

"कशी उठवनार? बसल्यात ती," बाबा शांतपणे म्हणाले. "खत पडतंय. फुकाट. दानं बी मागत न्हाई."

"पोलीस बोलवीन!"

"बोलवा की. येताना मेंढरं राखनारा एक मानूस बी आनाया सांगा. आमाला जेवाया जायाचंय."

भोकांत दारू भरायला आलेली माणसं तोंड फिरवून हसत होती. गोरख स्वतः जाळी ओलांडून आत गेला, एका भोकापाशी वाकला आणि ताठ झाला. "ह्यात काय घातलंय?"

"लेंड्या आन् चिखुल," धोंडाबाई म्हणाल्या. "पार बुडापातुर. वरून मेंढरं नाचवली. मॅडम म्हनल्या, त्यांच्यावानी घट्ट कुनी दाबत न्हाई."

मी तसं म्हणाले होते, हे नाकारायचा मला मोह झाला नाही.

सरांची जीप आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सरांनी एकदा कळपाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "अश्विनी, ह्यांना समजाव."

"समजावलं, सर. कालच." आणि मी चपला काढल्या, जाळी उचलून आत गेले आणि धोंडाबाईंच्या शेजारी बसले. लेंड्यांतच बसले. त्यांनी जरा सरकून जागा केली. मागं एक मेंढी माझ्या ओढणीचं टोक चघळायला लागली, तिला चघळू दिलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"काय पाहिजे काय तुम्हांला?" सरांनी विचारलं.

"कालचाच छोटा सुरुंग," मी म्हणाले. "दुसऱ्या जोडीवर. न तुडवलेल्या मातीत. सगळ्यांच्या समोर. रेघ खाली राहिली तर मी स्वतः मेंढ्या हाकलायला मदत करते."

"भोकं तर बुजवलीत ह्यांनी!" गोरख म्हणाला.

"येक ठेवलंय," धोंडाबाईंनी कडेच्या, बाकीच्यांपासून लांबच्या एका भोकाकडं हात केला. "बारकं. तुमच्या चाचनीपुरतं."

गोरखनं सरांना बाजूला घेतलं. मला ऐकू आलं ते एवढंच की एकदा घेऊन टाकू, म्हणजे ह्यांची तोंडं बंद होतील. ते त्याच्या तोंडून आलं म्हणून मला फारच बरं वाटलं.

बाबांनी जाळी सोडली, शीळ घातली आणि कळप पार पलीकडच्या माळावर नेला. बायकाही खाली उतरल्या. बाबा कुठल्या वाटेनं गेले, तेही मी पाहिलं. पायथ्याच्या बाजूनं जाणं सोपं होतं, तरी ते लांबचा वळसा घालून गेले. मी खाली आले तर दुसऱ्या जोडीच्या भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. आपल्याच मेंढरांपासून राखण. मी वायर जोडायला घेतली.

या वेळी लॅपटॉप मी जीपच्या बॉनेटवर ठेवला, पडदा सगळ्यांकडं वळवून. भोंगा वाजला. वस्तीवरची माणसं, खाणीची माणसं, सर, गोरख, सगळे एकाच पडद्याकडं बघत उभे राहिले.

सुरुंग उडाला. बगळे उठले. रेघ वर गेली, तांबडी खूण ओलांडून गेली, तिथून खाली यायला लागली आणि अर्ध्यावरच थांबली.

"खाली का येईना?" कुणीतरी विचारलं.

"माती दबली ती परत वर आलीच नाही," मी म्हणाले. "एका छोट्या सुरुंगानं ती कायमची जागेवरून हलली. मोठ्या सुरुंगानं काय होईल, ते आता यंत्राला विचारायची गरज नाही."

गोरख पुढं आला. "यंत्र बिघडलंय."

"हे आणि कालचं, एकाच दिवशी, एकाच पिंपात, मी तपासलेत. कालच्याला तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

"म्हनून काय झालं? आज बिघडलंय."

मी तिपाईकडं वळले, पण माझ्या आधी सरांनी वजन उचललं. ते पायथ्याला गेले, काट्यांचं कुंपण नीट बाजूला केलं, वाकून उंची मापली आणि वजन सोडलं. शर्टाला चिखल लागला. पुन्हा सोडलं. दोन्ही वेळा रेघ उठली आणि नेमकी एकाच उंचीला जाऊन परत आली. सर हात झटकत वर आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, गोरखकडं पाहिलं.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "मोठा सुरुंग होणार नाही. खरं तर छोटाही इथं व्हायला नको. अहवालात तसंच जाईल."

"सायेब, ठेकेदारांना काय सांगू?"

"रेघ वर गेली, असं सांग."

गोरख फोन काढून लांब गेला. फोनवर तो हळू बोलत होता, पण त्याचे हात फार हलत होते. तो माणूस सहजासहजी सोडणार नव्हता, हे मला कळत होतं. वस्तीलाही कळत होतं. धोंडाबाईंनी पदर परत खोचला.

माळावरून शीळ ऐकू आली. कळप परत येत होता, खाणीच्या दिशेनं, बाबा पुढं, कुत्री मागं. जाळी बाबांच्या खांद्यावर होती. गोरखनं फोन कानाचा काढला न् ओरडला, "आता कशापायी? झालं ना तुमच्या मनासारखं!"

"वरचा हुकूम हातात येस्तवर," बाबा त्याला म्हणाले. मग माझ्यापाशी येऊन थांबले. आवाज खाली आणून, शाळेत चूक करून आलेल्या पोरासारखं, त्यांनी मला विचारलं, "मॅडम, खानीत तुमचं काय पुरलेलं न्हाई ना? मेंढरं बसवली तर चालंल न्हवं?"

"काही नाही पुरलेलं, बाबा," मी म्हणाले. "खुशाल बसवा. हवी तेवढी तुडवू द्या."